विश्लेषण : आवडती पुस्तकमालिका संपली की मुले इतकी हळवी का होतात?

शेवटचा भाग वाचून होतो आणि घरातले मूल दोन दिवस गप्प असते. ‘पुस्तकच तर होतं’ म्हणून मोठी माणसे विषय मिटवतात. पण हे गप्प होणे समजून घेण्यासारखे आहे. त्याचा संबंध वयाशी आहे, मराठी पुस्तकांच्या परंपरेशी आहे आणि गावातल्या वाचनालयाच्या कपाटाशीही आहे.

संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात हातात पुस्तक धरणारे मूल सापडणे कठीण. भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस सगळे गाव गच्चीवर असते. यंदा बहिणीच्या गच्चीवर माझी नववीतली भाची मात्र आसारी भावाच्या हातात देऊन पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मांडीवर ‘हॅरी पॉटर’चा सातवा भाग, मराठी अनुवादातला. शेवटची चाळीसेक पाने राहिली होती. संध्याकाळी ती खाली आली तेव्हा डोळे लाल होते.

‘काय झालं गं? मांजा लागला का?’ बहिणीने विचारले.

‘नाही. संपलं,’ एवढेच म्हणाली आणि जेवायला नको म्हणून आत गेली.

घरात हसू झाले. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा मला वाटले, की आपण चुकीच्या गोष्टीवर हसतो आहोत.

पुस्तक संपल्यावर नेमके काय वाटते?

ज्याने लहानपणी एखादी मालिका भान हरपून वाचली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आदल्या रात्रीपर्यंत रोज ज्यांच्यात जाऊन बसायचो, ती माणसे आता भेटणार नाहीत. ती मेलेली नाहीत, कुठे गावाला गेलेली नाहीत, पण पुढे त्यांचे काय झाले ते कळायला मार्ग उरलेला नाही. कोणाकडे तक्रार करावी असेही यात काही नाही, म्हणून मूल बोलत नाही.

मानसशास्त्रात याची नोंद जुनी आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे जडणारे एकतर्फी नाते मांडले. समोरचा आपल्याला ओळखत नसतो, तरी आपल्याला तो घरचा वाटतो. पुस्तकातल्या पात्रांनाही हे तितकेच लागू पडते. पुढे 2000 मध्ये मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी वाचक गोष्टीत ‘वाहून जातो’ म्हणजे काय होते याचा अभ्यास केला. लक्ष, भावना आणि डोळ्यांपुढची चित्रे ही तिन्ही एकाच वेळी गोष्टीत गुंततात, आणि अशा वाचनाचा परिणाम वाचकाच्या मतांवरही राहतो, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे मूल नाटक करत नाही. जे नाते तयार झाले होते ते खरे होते. फक्त दुसऱ्या टोकाला कोणी नव्हते.

हे किशोरवयातच जास्त का होते?

एकच कादंबरी आणि मालिका यांत फरक वेळेचा आहे. कादंबरी आठवड्यात संपते. मालिका वर्षानुवर्षे सोबत राहते. ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग इंग्लंडमध्ये 26 जून 1997 रोजी आला, सातवा 21 जुलै 2007 रोजी. चौथ्या आणि पाचव्या भागात तीन वर्षांचे अंतर होते. अकराव्या वर्षी पहिला भाग हातात घेणारे मूल सातवा भाग आला तेव्हा एकवीस वर्षांचे झाले होते. पुस्तकातला नायकही अकरा वर्षांचा असताना भेटतो आणि सतराव्या वर्षी निरोप घेतो. मुलगा वाढतो तसे पुस्तकही वाढते. पहिला भाग हलकाफुलका, पाचवा मूळ इंग्रजीत साडेसातशे पानांच्या वर, आणि शेवटच्या भागात तर लाडकी पात्रे एकामागून एक जातात.

आता सातही भाग तयार मिळतात, तरी ते वाचायला वेळ लागतोच. भाचीने पहिला भाग सातवीत असताना उघडला. शेवटचा बंद केला तेव्हा ती नववीत होती. मधल्या अडीच वर्षांत तिची शाळा बदलली, जिवलग मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली आणि आजी, म्हणजे माझी आई, वारली. या सगळ्या काळात तिच्या दप्तरात न बदललेली एकच गोष्ट होती. ती संपली, तेव्हा तिच्यासोबत तो काळही संपला. बाराव्या वर्षीची ती स्वतः आता परत येणार नाही, हे तिला बहुधा पहिल्यांदा कळले. असे कळण्याचे वयही हेच.

अद्भुत कथांचे हे वेड बाहेरून आले आहे का?

अजिबात नाही. मराठी कादंबरीने डोळे उघडले तेच अद्भुताच्या अंगणात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. राजपुत्र, संकटे, योगायोग, चमत्कार यांनी ही पुस्तके भरलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तरुण वाचकांच्या पिढ्या वेड्या केल्या.

पूर्ण होण्याचा प्रश्नही तेव्हापासूनचा. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या प्रसिद्ध मराठी भाषांतराशी तीन नावे जोडलेली आहेत : कृष्णशास्त्री चिपळूणकर, त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले. वडिलांनी हाती घेतलेले काम मुलाकडे आणि नंतर तिसऱ्याकडे गेले. कृष्णशास्त्री 1878 मध्ये गेले, विष्णुशास्त्री 1882 मध्ये. ज्या पुस्तकात गोष्ट संपली तर सांगणारीचा जीव जाणार आहे, त्याच पुस्तकाचे मराठीकरण एका माणसाच्या आयुष्यात पुरे होऊ शकले नाही.

हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ची गोष्ट अशीच. 1888 मध्ये ती आली आणि ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगितले जाते. त्याच मालिकेतला ‘भूतनाथ’ अपुरा ठेवून खत्री 1913 मध्ये वारले. तो पुढे त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केला. आपल्याकडच्या वाचकाला शेवट हवाच होता, आणि कोणीतरी तो पुरा करून दिला.

मग मराठी किशोर-मालिकांना शेवट का नाही?

मराठी मुलांची सर्वांत लाडकी मालिका कोणती, असे विचारले तर अजूनही बरेच जण भा. रा. भागवतांच्या (1910–2001) ‘फास्टर फेणे’चे नाव घेतील. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यातली विद्याभवन शाळा, सायकल आणि ते ‘टॉक्’. वीस पुस्तके. 1980 च्या दशकात सुमीत राघवन यांनी दूरदर्शनवर तो घराघरांत नेला.

ही अद्भुत कथा नव्हे, साहसकथा. पण इथे मुद्दा वेगळा आहे. फेणे मोठा होत नाही. पहिल्या पुस्तकात तो शाळकरी आहे आणि विसाव्यातही शाळकरीच आहे. प्रत्येक पुस्तक स्वतःपुरते पूर्ण. शेवटचे पुस्तक असे काही नाही. लेखक थांबला, तिथे मालिका थांबली. मोठ्यांच्या वाचनातही तेच : बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो, की नारायण धारपांचे समर्थ, नायक पुढच्या पुस्तकात तसाच ताजातवाना हजर.

यात एक मोठी सोय होती. वाचनालयाच्या कपाटात जे पुस्तक हाती लागेल ते उचलावे. सातवे आधी वाचले आणि तिसरे नंतर, तरी काही बिघडत नाही. लहान गावांतल्या अपुऱ्या कपाटांसाठी फेणे हा आदर्श नायक होता. माझी सगळी फेणे-वाचनाची कमाई अशीच उलटसुलट आहे, आणि अजूनही मी वीसच्या वीस वाचली आहेत की नाहीत, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पण त्यामुळे एक गोष्ट राहून गेली. फेण्याने आम्हांला धावायला, डोके चालवायला शिकवले. निरोप घ्यायला शिकवले नाही. 2017 मध्ये अमेय वाघ यांचा ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला. त्यात बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, आणि दिलीप प्रभावळकरांनी भा. रा. भागवतच साकारले आहेत. नायकाला मोठे करण्याचे काम पुस्तकांनी नव्हे, सिनेमाने केले.

शेवट असलेल्या मालिकेत वेगळे काय मिळते?

पहिले म्हणजे हिशोब. पहिल्या भागात सहज केलेली गोष्ट सातव्या भागात अंगावर येते. चूक लेखकाने विसरून टाकलेली नसते. जो गेला तो पुढच्या भागात परत येत नाही. आपण मुलांना ‘विचार करून वाग’ असे हजारदा सांगतो. शेवटापर्यंत जाणारी मोठी गोष्ट तेच एकदाही न सांगता दाखवते.

दुसरे म्हणजे दम. तीस सेकंदांची रील आणि सात भागांची मालिका एकाच मुलाच्या हातात असतात. तीन-चार हजार पाने धरून ठेवलेला धागा शेवटी गाठीला लागतो, तेव्हा त्या मुलाला स्वतःबद्दल एक गोष्ट कळते, की मी एवढे मोठे काम पुरे करू शकतो. हे प्रशस्तिपत्रक कोणी देत नाही, पण ते आयुष्यभर पुरते.

तिसरे म्हणजे भांडण. ‘हॅरी पॉटर’च्या शेवटी एकोणीस वर्षांनंतरचे एक छोटे प्रकरण आहे. ते कित्येक वाचकांना आवडत नाही. भाचीलाही आवडले नाही. ‘एवढं सगळं झाल्यावर हे काय, सगळ्यांची लग्नं लावून टाकली,’ असे ती म्हणाली. लेखिकेशी मतभेद असण्याइतकी ती मोठी झाली, हा त्या सात भागांचाच परिणाम. शेवट नसता तर हे मत तयार व्हायला जागाच नव्हती.

पण हल्ली कुठलीच मालिका खरी संपते का?

प्रश्न बरोबर आहे. शेवट टाळण्याचा मोह नवा नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकले. वाचक इतके चिडले, की काही वर्षांनी लेखकाला त्याला परत आणावे लागले. आज त्याच्या मागे मोठा व्यवसाय उभा आहे. ‘हॅरी पॉटर’चे सात भाग संपल्यावर नऊ वर्षांनी, 2016 मध्ये, नाटकाच्या रूपाने पुढची गोष्ट आली. ‘हंगर गेम्स’चे तीन भाग 2010 मध्ये पूर्ण झाले, पण त्याआधीच्या काळाच्या कथा 2020 आणि 2025 मध्ये आल्या. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सनची मूळ मालिका 2009 मध्ये पाच भागांत संपली, आणि 2023 मध्ये पर्सी पुन्हा हजर झाला.

यातली काही पुस्तके चांगलीही आहेत. माझे म्हणणे एवढेच, की मुलाला मूळ शेवटापाशी थोडे थांबू द्यावे. पान मिटले की लगेच ‘याच्यावर सिनेमा आहे, सीरिज येतेय, गेम आहे’ असा मारा सुरू होतो. रडू आलेल्या मुलाच्या हातात लगेच चॉकलेट द्यावे, तसे ते आहे. रडू थांबते, पण ते कशामुळे आले होते हे कळायचे राहून जाते.

येवल्यासारख्या गावात शेवटच्या भागापर्यंत पोहोचणे अवघड का?

खरे दुखणे इथे आहे. मालिका संपल्याचे दुःख निदान तिला मिळाले. तिच्या वर्गातल्या कित्येकांना तेही मिळत नाही, कारण त्यांची मालिका मध्येच तुटते.

‘हॅरी पॉटर’ मराठीत आहे. मंजुल पब्लिशिंग हाऊसने ते आणले. पहिल्या भागाचा, ‘हॅरी पॉटर आणि परीस’चा, अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केला, पुढच्या भागांचा मंजूषा आमडेकर यांनी. मराठी माध्यमातल्या मुलासाठी हे केवढे मोठे काम आहे, हे शहरातल्या वाचकाच्या लवकर ध्यानात येत नाही. प्रश्न पुस्तक मराठीत असण्याचा नाही. ते कपाटात असण्याचा आहे.

आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत, तिथे पहिला, दुसरा आणि चौथा असे तीनच भाग होते. तिसरा कोणीतरी नेला आणि आणून दिलाच नाही. पाचव्यापासून पुढचे घेतलेच गेले नाहीत. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘प्रदर्शनात जे होते ते घेतले.’ यात कोणाची वाईट बुद्धी नाही. खरेदी करताना प्रत्येक पुस्तक सुटे मोजले जाते, आणि नोंदवहीत ‘एक मालिका’ असा रकानाच नसतो. फेण्याच्या काळात हे खपून गेले, कारण फेणे कुठूनही वाचता येत होता. क्रमाने वाचायच्या मालिकेचे तीन सुटे भाग म्हणजे मागावर अर्धी विणून सोडलेली पैठणी. पदराशिवाय ती कोणी नेसत नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. तिसरा भाग नाशिकहून एका नातेवाइकाने आणला. नाशिक इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. तिथे 1840 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, पुस्तकांची मोठी दुकाने आहेत. पाचवा भाग शाळेतल्या एका बाईंनी स्वतःच्या घरून दिला. सहाव्यासाठी चार महिने थांबावे लागले. सातवा मी तिच्या वाढदिवसाला घेतला. सातही भागांचा नवा संच घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात. मजुरीवर पैठणी विणणाऱ्या घरातून एवढी रक्कम गोष्टीच्या पुस्तकांसाठी सहज निघत नाही. तिचे वडील मागावरच काम करतात, म्हणून हे मला माहीत आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. दहा हजारांहून अधिक वाचनालये वर्गवारीनुसार सरकारी अनुदान घेतात. इतके मोठे जाळे फार थोड्या राज्यांत आहे. त्या जाळ्यातल्या किती वाचनालयांत मुलांसाठी एक तरी मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पूर्ण आहे, हा प्रश्न आपापल्या गावात जाऊन विचारण्यासारखा आहे.

फोनवर पीडीएफ मिळते, मग अडचण काय?

मिळते, आणि मुले ती वाचतातही. पण ती बहुतेक वेळा चोरीची असते. त्यातून लेखकाला, अनुवादकाला, प्रकाशकाला काही मिळत नाही. मराठी अनुवादाची विक्री दिसली नाही, तर पुढची मालिका मराठीत आणायला कोण धजावेल? शिवाय मराठी पीडीएफ पुष्कळदा अर्धवट, पाने उलटी, मधली गायब. म्हणजे शेवटाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

फोनचा चांगला उपयोगही आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघते आहे, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत खुले आहेत. मालिका संपून हात रिकामे झालेल्या मुलाला पुढे काय द्यावे, असे कोणी विचारले तर मी पहिले नाव ‘किशोर’चे घेईन. त्यानंतर भागवतांनीच मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी धारप.

शेवट कोणाला सांगायचा?

तिसऱ्या दिवशी, करीला, भाची माझ्याशी बोलली. आजी शेवटचे काही महिने त्यांच्याकडे होती. अंथरुणाला खिळलेली. संध्याकाळी नात तिच्या उशाशी बसून वाचायची, आणि आजी विचारायची, ‘आज त्या पोराचं काय झालं?’ मग नात त्या दिवशीचे प्रकरण सांगायची. आजीला ती नावे कधी नीट आली नाहीत. हर्मायनीला ती ‘ती हुशार पोरगी’ म्हणायची, डंबलडोअरला ‘दाढीवाले बाबा’. पाचवा भाग चालू असताना आजी गेली.

‘मामा, आजीला शेवट कळलाच नाही,’ भाची म्हणाली.

तीन दिवसांच्या गप्पपणाचा उलगडा एवढाच होता. आम्ही समजत होतो ते हॅरीसाठीचे रडू आहे.

गोष्ट संपवताना समोर ऐकणारे कोणी लागते, हे आपल्या जुन्या माणसांना पक्के ठाऊक होते. श्रावणातली कहाणी एकटीने मनात वाचायची नसते. हातात अक्षता घेऊन ऐकणारे लागतात, आणि शेवटी ‘सुफळ संपूर्ण’ म्हटल्याशिवाय कोणी जागचे उठत नाही. नवनाथांच्या पोथीचे चाळीस अध्याय संपले की समाप्तीला नैवेद्य होतो, चार घरची माणसे जेवायला येतात. हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस काल्याचा, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त गर्दी असते. ग्रंथ संपला म्हणून कोणी एकटे कोपऱ्यात बसत नाही. संपण्यालाच आपण सण केले.

जगातही हेच झाले. 21 जुलै 2007 च्या मध्यरात्री देशोदेशीच्या दुकानांबाहेर मुले रांगा लावून उभी होती. अमेरिका आणि ब्रिटन मिळून पहिल्या चोवीस तासांत सातव्या भागाच्या सुमारे 1 कोटी 10 लाख प्रती गेल्या. त्या मुलांनाही रडू आले असेल, पण ती एकाच आठवड्यात, एकमेकांच्या सोबतीने रडली. येवल्यातल्या मुलीने तेच पुस्तक गच्चीवरच्या टाकीआड एकटीने संपवले. तिच्या वर्गात सातवा भाग वाचलेले दुसरे कोणी नाही. असणार कसे? पुस्तक एकच होते.

मग करायचे काय?

वाचनालयांनी मुलांची एखादी मालिका घ्यायची ठरवली, तर ती पूर्ण घ्यावी. चार मालिकांचे सुटे भाग घेण्यापेक्षा एक पूर्ण संच बरा. एखादा भाग हरवला तर तो आधी भरून काढावा, नवे नंतर घ्यावे. नोंदवहीत एक रकाना वाढवण्याएवढेच हे काम आहे. देणगी देणाऱ्यांनाही सांगता येईल, की वाढदिवसाला शाळेत पेढे वाटा, आणि सोबत वाचनालयात कमी असलेला एक भाग द्या.

ज्या मुलांनी एखादी मालिका पूर्ण केली, त्यांना महिन्यातून एकदा वाचनालयातच बसून बोलू द्यावे. शेवट आवडला की नाही, कोण जायला नको होते, पुढे काय झाले असेल. खर्च चहा-बिस्किटांचा. त्याला काला म्हणायलाही हरकत नाही.

मराठी लेखक-प्रकाशकांकडे मागणे मोठे आहे. अद्भुताची दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या भाषेत, आजच्या किशोरांसाठी, पहिल्या भागापासूनच शेवट ठरवून लिहिलेली, नायक-नायिका वाचकासोबत वाढत जातील अशी मालिका यायला हवी. तिच्यातली शाळा कोपरगावला असावी, जंगल सातपुड्यातले असावे. ती वाचून मुले रडली, तर मराठीचे भले झाले असे समजावे.

आणि घरच्यांनी? ‘पुस्तकच तर आहे’ हे वाक्य तेवढे टाळावे. ‘आता अभ्यासाला लाग’ हेही दोन दिवस थांबू शकते. मूल गप्प असेल तर एकच प्रश्न विचारावा : शेवटी काय झालं?

करीच्या संध्याकाळी तो प्रश्न भाचीच्या वडिलांनी विचारला. ते मागावर बसले होते, काठातला मोर अर्धा झाला होता. मान वर न करता म्हणाले, ‘काय गं, तुझी आजी रोज विचारायची त्या पोराचं. शेवटी झालं काय त्याचं?’

ती मागाच्या कडेला खाली बसली. ‘बाबा, शेवट असा नाही कळणार तुम्हांला,’ म्हणाली, आणि पहिल्या भागापासून सांगायला लागली. बहिणीने दोनदा जेवायला हाक मारली. कोणी उठले नाही.